जागल

साडेसातला जेवणं उरकली की मी ट्रे घेऊन निघायचे.
लटारूजींची गोळी पिवळी.
कागदावर लिहिलेलं: रात्री उठतो, ओरडतो, ऐकत नाही.
गोळी घेतली की ऐकायचे.
म्हणजे खाटेवर पडून, हनुवटीवर लाळ,
सकाळी बशी तोंडाशी नेईपर्यंत चहा गार.

हिंगणघाटहून नवी डॉक्टरीण आली.
म्हणाली, आधी अर्धी करू. मग पाव. मग बघू.
आणि मला विचारलं, ओरडतात म्हणजे नेमकं काय ओरडतात?
तीन वर्षं झालेली. मला सांगता आलं नाही.

अडकित्त्यानं गोळी कापायला लागले.
अर्धी कधी नीट अर्धी होत नाही,
भुगा बोटाला लागतो, कडू.

नवव्या रात्री उठले, दीड वाजता.
ताटली चमच्यानं बडवत कुंपणाशी:
हुर्र्र, हाऽऽ, हुर्र्र!
शेवंताबाईनं शिव्या घातल्या.
मी धावले, हात धरला.
"सोड वं," म्हणाले, "डुकरं घुसले हरबऱ्यात."

चाळीस हिवाळे जागलीला गेलेला माणूस,
मचाणावर, शेकोटी विझल्यावरही.
आणि आम्ही त्याला झोपवत होतो.

पाव गोळी अजून चालू आहे.
शेवंताबाईच्या शिव्याही.
एकदा पडले, कोपर खरचटलं,
रजिस्टरात मीच लिहिलं.
पण दीडला मी दोन कप चहा घेऊन जाते,
बॅटरी त्यांच्या हातात.
उजेड तारेवरून फिरतो, बोरीपाशी थांबतो.
"गेली का?" मी विचारते.
"नाई गेले. आयकून रायले."