पाणी निवेपर्यंत

बादलीतून वाफ निघत होती.
खांद्यावर टॉवेल, हातात साबण,
मी दारात ताटकळलेली.
चला ना, म्हटलं,
म्हातारा कालपासून ओल्या चटईवर पडलाय.

न्याचिर्वा उठेना.
चुलीपाशी गुडघे टेकलेले,
डोळे मिटलेले, आणि ओठसुद्धा.

बाहेर मांडवांवर उसिपा वाळत होते,
सरोवराकडून वारा आला की
मासळीचा वास घरभर.
मी मनात म्हटलं, देव काय, कधीही ऐकेल,
पाणी थांबत नाही.

मला कुठं ठाऊक होतं,
ह्याच म्हाताऱ्यानं तिच्या नवऱ्याची होडी
तो गेला त्याच आठवड्यात
ओढून नेली होती, वल्ह्यांसकट.
अकरा वर्षं ती त्याला
'तो, पलीकडचा' एवढंच म्हणायची.

बऱ्याच वेळानं ती बोलली.
स्तोत्र नाही, आमेनही नाही.
"हेस्टिंग्ज म्होने."
आणि पुन्हा एकदा, जरा हळू,
नाव कुठं खरचटू नये असं.

मग गुडघ्यावर हात रेटून उठली.
पाणी तोवर निवलं होतं.
तिनंच लाकडं सारली, फुंकर घातली,
कोपर बुडवून पाहिलं,
जसं तान्ह्या बाळासाठी पाहतात.

परतताना रिकामी बादली माझ्याकडे देत म्हणाली,
"तशीच गेले असते ना,
तरी धुतलं असतं मी त्याला.
पण भांडं घासतात, तसं."