खट्ट

प्रबंधात तुझं यंत्र एकदाही चुकलं नाही, शर्वाणी.
इथं सांगलीच्या मार्केट यार्डात
त्याला कुणी विचारलंही नाही.

आरवाडेअण्णांनी हळकुंड उचललं,
कानाजवळ मोडलं. खट्ट.
"वाळलीय," म्हणाले, आणि पुढच्या ढिगाकडे गेले.
तुझ्या पडद्यावर ओलावा
अजून मोजला जात होता.

मी तुझी मार्गदर्शक; बोलायला हवं होतं.
पेटंटचा अर्ज, अनुदानाची तारीख,
सगळं पाठ होतं मला.
पण पोती शिवणारी मालन पुढं आली,
पिवळं बोट तिनं काचेवर टेकवलं,
एकदा, दोनदा.
काच ढिम्म.
"हळदीचा हात चालत नाही व्हय हिला?"

परतताना रिक्षात तू रडशील असं वाटलं.
तू वहीच्या मागच्या पानावर
बटण काढत होतीस,
रुपयाएवढं, मग खोडून
मालनच्या अंगठ्याएवढं.

आता अण्णा मोडतात, ऐकतात,
आणि हळूच मालनकडे बघतात.
ती बटण दाबते.

यंत्राची किंमत ठरायचीय अजून.
किती सांगायची, मी विचारलं.
तू म्हणालीस, मॅडम, आधी आपण दोघी
रुमालाखाली हात घालायला शिकू.