तीनदा वाजवा

दारावर अजून ती पट्टी आहे, पितळी खिळ्यांनी ठोकलेली :
लापिन्श – एकदा. ग्लाफिरा येफीमोव्ना – दोनदा.
ब्रूवेर – तीनदा.
आईनं ती वाचली नाही. चष्मासुद्धा काढला नाही पिशवीतून.
खिडकीतल्या मुलानं तिला ज्येष्ठांचं तिकीट दिलं,
दीड युरो,
आणि बुटांवर चढवायला निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या.
स्वतःच्या जन्माच्या खोलीत
ती कुरकुरत्या पावलांनी शिरली.

रीगातलं हे लाकडी घर. तीन बिऱ्हाडं, एक स्वयंपाकघर,
संडासात तीन दिवे, तीन बटणं;
कुणाची वीज कुणी जाळायची नाही.
कॉलेजातली पोरं हसली. फोटो निघाले.
भिंतीवरच्या रेडिओला तेव्हा बंद करायची सोयच नव्हती,
आता गाइडच्या एका बोटानं गप्प होतो.
बरणीतल्या काकड्या मेणाच्या आहेत.

शेगडीपाशी गाइड थांबला. "हे पाहा,
पातेल्याच्या झाकणाला कुलूप.
शेजाऱ्यांचा एकमेकांवर एवढा विश्वास."
पुन्हा हशा. मीही हसले थोडी.
आई त्या कुलपाकडे बघत राहिली,
बाजारात कुणी ओळखीचं दिसावं
आणि नाव आठवू नये, तशी.

नंतर ट्रामच्या थांब्यावर, दाउगवावरून वारा येत असताना,
हातमोजा दातांनी ओढत म्हणाली :
कुलूप होतं, खरंय. तुझी आजी संशयी.
पण रात्रपाळीला जाताना किल्ली ग्लाफिराकडे ठेवायची.
हो, तिच्याचकडे, जिच्यासाठी कुलूप.
मी रडले की ती उघडायची,
बीटच्या सारातला बटाटा शोधून मला द्यायची,
कमी झालेलं पाण्यानं भरून काढायची,
मग कुलूप.
सकाळी आजी चव घेऊन म्हणायची,
पांचट कसं झालं? कुलूप तर लावलेलं होतं.
भांडायच्या गं दोघी. केवढ्या भांडायच्या.
बटणांवरून, केरावरून, भाषेवरून.

"आणि लापिन्श?"

आई रुळांकडे बघत होती.
"त्या पहाटे घंटा वाजली. घरातलं सगळं माणूस मोजत होतं.
एकदा.
मग थांबली.
तुझ्या आजीनं धरलेला श्वास सोडला.
तो मला ऐकू आला."

ट्राम आली. आम्ही चढलो.
तिच्या डाव्या बुटावर
निळी पिशवी तशीच होती.