मोजन्याची नोंद

मुदत सात दिवसांची. आज सहावा.

नोंद अशी :
"मोजन्या हा रात्री धानाचे भारे मोजत फिरणारा प्राणी आहे.
त्याला बारा बोटे असतात,
म्हणून त्याचा हिशोभ माणसाशी जुळत नाही.
खळ्यात पाय लांब करून झोपलेल्याला तो भारा समजतो
आणि एकदा मोजलेले सोडत नाही."
वर मीच लावलेली पाटी : संदर्भ हवा.

लिहिणारी दामिनी नान्हे, नववी ब.
मी तिच्याच शाळेत प्रयोगशाळा परिचर,
दिवसा परीक्षानळ्या धुतो,
रात्री ज्ञानकोश.
कुठून आणलंस हे, विचारलं तर म्हणाली,
"आजा सांगे."
आजा कुठाय?
तिनं खिडकीतून बोडीच्या पाळीकडे बोट केलं,
तिथे मागच्या चैतात त्याला जाळलं.
मेलेला आजा प्राथमिक स्रोत की दुय्यम,
नियमांत सापडलं नाही.

मग सायकल काढली.
चिखलटोल्यात अंताराम वलथरे म्हणाले,
"बारा बोटं? छे जी,
बोटंच नाही त्याले, तो जिभेनं मोजते."
पलीकडच्या टोलीत शिशुकलाबाई मोहाची टोरी फोडत होती,
मान वर न करता म्हणाली,
"मोजन्या नोहे बापा, मोजनी. बाई हाये ते."
ढिवरांच्या मोहल्ल्यात तो मासे मोजतो.
कोतवाल शपथेवर सांगतो, असलं काही नाही,
आणि शपथेचा हात हळूच धोतराला पुसतो.

नियम म्हणतो स्रोत स्वतंत्र हवेत.
स्वतंत्र तर आहेत.
अंताराम आणि शिशुकलाबाई
धुऱ्याच्या भांडणापासून
एकमेकांच्या सावलीला उभे राहत नाहीत.
नियम पुढे म्हणतो, प्रकाशित.
इथे प्रकाश
रात्री दहाला जातो, पहाटे चारला येतो.

चौथ्या दिवशी दामिनी धावतच आली,
हातात पेपर, जिल्हा पुरवणी, पान चार :
'झाडीतला गूढ मोजन्या'.
"भेटला, सर!" मला ती सर म्हणते.
वाचलं. बारा बोटं, भारे, खळं,
आणि तिसऱ्या ओळीत, जसाच्या तसा,
हिशोभ.
विहिरीत हाक मारावी
आणि आपलीच हाक ओ म्हणून वर यावी, तसं.
तिला सांगितलं नाही.
पेपर घडी करून
गंधकाम्लाच्या बाटलीखाली ठेवला.

चर्चेत दूरच्या कुणा संपादकाचा एकच शब्द आहे : वगळा.
पुढे पूर्णविरामही नाही.

आज साळ्याच्या खळ्यावर राखणीला आलो.
संध्याकाळी पुंजना रचताना तो भारे मोजत होता.
एकशे अकरा, एकशे बारा,
मग थांबला, शेवटचा भारा उचलला,
आकडा न घेताच वर फेकला.
"हा काहून नाही मोजला?"
"रीत हाय."
"कशाची?"
"रीतीले का नाव राहते, भाऊजी?"
आणि तो बिडी शोधायला लागला.

मी वहीत लिहून घेतलं. तारीख, वार, साळ्याचं नाव.
मग खोडलं.
साळा म्हणजे नातलग, आणि ऐकणारा मी,
हा काही स्रोत झाला नाही.

रेंज पुंजन्यावर चढलं की मिळते, एक काडी.
वर चढलो. तनिस गालाला टोचली.
खाली बांध्या कापून मोकळ्या पडलेल्या,
धुऱ्यावर कुणीतरी किंवा बाभूळ.
कारणाच्या चौकटीत लिहिलं :
स्वतंत्र विश्वसनीय संदर्भ उपलब्ध नाही.
खरंच लिहिलं.
बटण दाबलं. पान गेलं.

खाली उतरून घोंगडी पसरली.
साळा कधीच घोरत होता,
गुडघे पोटाशी घेऊन, लहान पोरासारखा.
मी उताणा झोपलो, पाय लांब करून,
ज्ञानकोशाचा माणूस झोपतो तसा.
किती वेळ, कोण जाणे.
मग धुऱ्याकडून काहीतरी वाजलं, थांबलं, पुन्हा वाजलं,
सारख्या अंतराने.

मी पाय दुमडून घेतले.
थंडी होती.
थंडीलाही संदर्भ नाही माझ्याकडे.