निकालानंतर, व्हेनेशियात

साडेतीनला निकाल लागला.
जिन्यात वकील म्हणाले, झालं ताई, मोकळ्या झालात,
आणि मला आठवलं ते एवढंच
की सकाळपासून पोटात नुसता चहा आहे.
तोही खालच्या पायरीशी उभा,
फाईल छातीशी धरून.
‘काही खाल्लंस का?’ आधी कोण म्हणालं
ते आता दोघांनाही सांगता येणार नाही.

रिक्षावाल्याला व्हेनेशिया कळत नाही.
वनिता म्हणायचं. स्टेशन रोडचं वनिता.

जालन्याच्या डॅनियल खरातांनी बारा वर्षं
जहाजाच्या भटारखान्यात काढली,
परतले ते एक लांब लाटणं
आणि कुठल्या बंदरातल्या म्हातारीनं शिकवलेला
टमाट्याचा रस्सा घेऊन.
त्यात गुळाचा खडा पडतो, हे अख्ख्या औरंगाबादला माहीत आहे.
खरातांना अजून वाटतं, गुपित आहे.

टेबलावर तीच लाल चौकड्यांची चादर, वर प्लास्टिक,
बाटलीच्या गळ्यावर मेणाचे जुने ओघळ.
भिंतीवर तेच चित्र :
घरांच्या उंबऱ्याला लागलेलं पाणी,
होड्या उन्हानं विटून जवळजवळ पांढऱ्या.
एकदा सासरे आले होते, भोकरदनहून.
धोतराचा सोगा आवरत कितीतरी वेळ बघत राहिले,
मग म्हणाले, ‘इतकं पाणी,
अन् गल्लीत एक हंडा दिसंना.’

रशीदभाई आले. टोपीखालचे केस सगळे पिकलेत.
‘वोइच?’
‘वोइच,’ आम्ही एकदमच म्हणालो.
म्हणजे एक लझानिया, दोन काटे,
लसणाचा पाव जरा करपवून.
दोन प्लेटा म्हणायचं मनात होतं माझ्या.
सवय पुढे गेली.

तो पाण्याच्या खात्यातला माणूस.
आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या या शहरात
पास्ता उकळायचा म्हणजे काय,
हे त्यानं मला पहिल्या भेटीत सांगितलं होतं :
पातेल्यातलं पाणी फेकत नाहीत इथं,
गढूळ, मीठ उतरलेलं,
पावाची कणीक त्यातच मळतात.
आज पुन्हा सांगायला लागला.
अर्ध्यात थांबला.
मी म्हटलं, सांग ना,
मला ऐकायचंय.

लझानियाचा कोपरा, कडेला चिकटून खरपूस झालेला,
त्यावरून एकोणीस वर्षं भांडलो आम्ही.
काट्यांची लढाई, एकदा तर ग्लास फुटला.
आज मी तो त्याच्याकडे सरकवला.
त्यानं माझ्याकडे.
कोर्टात फ्रीजसाठी तीन तारखा घेतल्या होत्या याच माणसानं.
मीही काही कमी नव्हते,
साताऱ्याच्या प्लॉटची मोजणी दोनदा करायला लावली.
कोपरा मधोमध राहिला
आणि चीज गार होऊन ताणायचं थांबलं.

भटारखान्याच्या दाराशी वेताच्या खुर्चीतून
खरात काठी टेकत आले.
ऐंशीच्या पुढचे. दिसतं कमी,
उष्टं मात्र दुरून दिसतं.
‘काय कमी पडलं?’
‘गूळ,’ तो म्हणाला.
म्हाताऱ्याचा चेहरा असा उतरला
की मला हसू आवरेना,
मग त्यालाही,
आणि रशीदभाई काही न कळता
पाण्याचा जग हातात धरून हसत राहिले.

बिल त्यानं दिलं. मी निम्मे पैसे पुढे केले.
त्यानं घेतले,
मोजून,
खिशात ठेवले.
तेच बरं झालं.

बाहेर त्याची स्कूटर. मला बस.
रशीदभाई धावत आले मागून,
कोपरा परत तव्यावर शेकून, चंदेरी कागदात बांधून :
‘मॅडम, रात को खा लेना.’
दर वेळी माझ्याच हातात देतात.

चिकलठाणा गेलं, विमानतळाचे दिवे गेले,
शेजारच्या बाईनं विचारलं, कशाचा वास येतोय हो.
मी म्हटलं, पावाचा.
मांडीवर ते पुडकं
बदनापूरपर्यंत कोमट होतं.