सातवा धडा, बारावी ओळ

विजयदुर्गच्या जेटीवर, चौथ्या खांबापाशी
रेंजच्या दोन काड्या मिळतात.
बर्फाच्या पावत्या फाडून झाल्या
की तिथेच बसून कोड शिकते मी,
फुकटच्या धड्यांवरून.

सातव्या धड्यात, बाराव्या ओळीच्या शेवटी
अपूर्णविराम नव्हता.
दोनच टिंबं.
तीन रात्री मी स्वतःला ढ म्हणत राहिले.

काल ती टिंबं घातली.
‘बदलाचं कारण’ अशी एक चौकट होती,
तिच्यात उभी रेघ लुकलुकत राहिली बराच वेळ.
शेवटी लिहिलं : इथे मी अडकले होते.

पहाटे उत्तर आलं.
नाव कुठल्या लिपीतलं कोण जाणे, वाचता येईना.
बदल घेतला होता,
आणि माझ्या हातून पडलेली एक जादा मोकळी जागा
न बोलता काढून टाकली होती.

खाडीच्या तोंडाशी एक बांबू उभा आहे,
टोकाला निळं फडकं.
कोणी रोवला, कोयंडेकाकांनाही ठाऊक नाही.
‘खाली खडप आसा,’ एवढंच म्हणतात
नि होडी जरा डावीकडे घेतात.

फडकं पार विरलंय.
उद्या जुनी ओढणी नेईन.