रिकामी चालेल

हर्णैच्या मच्छीमार सोसायटीचा सर्व्हर
खाऱ्या हवेनं आतून खाल्ला.
डिस्कच्या पट्टीवर हिरवा थर,
होडीच्या तांब्याच्या खिळ्यांवर चढतो तसा.
बॅकअप त्याच कपाटात होता.

उरला फक्त कोड,
अश्फाक हमदुलेनं कुवेतला जाण्याआधी लिहिलेला,
एका पेन ड्राइव्हवर, बहिणीच्या लग्नाच्या फोटोंसोबत.

तर मी उलटी चालतेय.
एकेक क्वेरी वाचायची,
ती कुणाकडे काय मागते ते टिपायचं,
मागण्यावरून घराचा आकार ठरवायचा.
इथे 'होडी'ला 'तांडेल' जोडलाय, म्हणजे तक्ते दोन.
इथे तांडेलावाचूनही होडी चालते,
म्हणजे नातं सैल.
नावाला काने-मात्रे धरून चौदाच जागा,
म्हणून पावतीवर वर्षानुवर्षं
'दर्यासागर प्रस'
आणि बंदरावरही तिला आता प्रसच म्हणतात.

बर्फाच्या लाद्या: पूर्णांक.
अर्धी लादी कुणी घेत नव्हतं का?
सेक्रेटरी पावसे वहीतून मान वर करतात.
"घ्यायचे की. अर्धी आम्ही सोडून द्यायचो."
मी पूर्णांकच ठेवते.

तिसऱ्या दिवशी, वाळूवर लिलावाचा गलका,
कीबोर्डलासुद्धा बांगड्याचा वास,
तेव्हा सापडते 'खूण_३'.
एकाच ठिकाणी लिहिली जाते.
वाचली कुठेच जात नाही.
सगळा कोड पुन्हा चाळते:
अहवाल, पावत्या, डिझेलचा कोटा.
नाही.
अश्फाकला मेसेज टाकते. एकच टिक.

काढून टाकणार होते,
तेवढ्यात काउंटरवरच्या सुगंधा चोगले चहा घेऊन येतात.
"ते बटण माझं.
संध्याकाळी सुवर्णदुर्गाच्या टोकाशी होडी दिसली
की तिच्यापुढचं दाबायचं."
आणि मग ते बघायचं कुठे?
"बघायचं कशाला? दिसली ना."

तक्त्यात रकाना घालते.
प्रकार: हो किंवा नाही.
हात थांबतो.
अश्फाकनं 'नाही' कुठेच लिहिलेलं नाही.
होडी दिसेपर्यंत काहीच लिहायचं नाही, एवढंच.
खोडते, आणि पुढे नोंदवते:
रिकामी चालेल.

सर्व्हर अजून बंद आहे. बटणही नाही.
तरी पावणेसहाला सुगंधाबाई
पदरानं चष्मा पुसत
खिडकीशी जातात.